गोदामांची घरं करा, पण सूट कशात देताय ते आधी बघा

लंडनचं सेंट कॅथरिन डॉक १८२८ साली सुरू झालं, आणि त्याच्या जागेसाठी सुमारे साडेबाराशे घरं पाडली होती. अकरा हजारांच्या आसपास माणसं उठवली गेली, भरपाई मिळाली ती फक्त घरमालकांना, भाडेकरूंना चला निघा एवढंच. तिकडे हॅम्बुर्गमध्ये १८८३ पासून श्पायखरश्टाट नावाची आख्खी गोदामांची वस्ती उभी राहिली, तिच्यासाठी वीसेक हजार लोक हलवले. म्हणजे शहराच्या मधोमध उभी असलेली जी जुनी विटांची गोदामं बघून आज आपण ‘काय भारी बिल्डिंग आहे, इथे राहायला मिळालं तर’ म्हणतो, त्यातली काही तर कोणाची तरी घरं पाडूनच झालेली आहेत. आता चक्र उलटं फिरलंय, माल गेला, गोदामं रिकामी पडली आणि माणसांना घरं मिळेनात, मग तिथेच घरं करा की, असा साधा सरळ विचार जगभर चाललाय.

मी या विचाराच्या बाजूचा आहे हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचून कोणी ‘हा विकासविरोधी’ म्हणायला नको. पण या विषयावर जे काही बोललं जातं त्यात दोनच पार्ट्या दिसतात. एक म्हणते नियम फार आहेत, सगळे काढून टाका, घरं आपोआप होतील. दुसरी म्हणते जुनी वास्तू आहे, हात लावू नका. मला दोन्ही पटत नाहीत. नियम ढिले करावेच लागतात, त्याशिवाय एकही गोदाम घर होऊ शकत नाही कारण ते बांधलंच होतं पोत्यांसाठी, फक्त कुठला नियम ढिला करायचा आणि कुठल्याला बोटही लावायचं नाही हे ठरवण्यातच सगळा खेळ आहे, आणि नेमकं तिथेच बऱ्याच सरकारांनी उलटं केलंय.

आधी ही गोदामं रिकामी का झाली ते बघू, कारण त्यात त्यांची रचना पण कळते. १९५६ च्या एप्रिलमध्ये माल्कम मॅक्लीन नावाच्या ट्रकवाल्याने ५८ लोखंडी पेट्या एका जहाजावर चढवल्या आणि न्यूअर्कहून ह्यूस्टनला पाठवल्या, ती कंटेनरची सुरुवात. त्याआधी माल सुटा यायचा, पोतं, पिंप, खोका, प्रत्येक नग हमाल उतरवणार, भिंतीवरच्या कप्पीने वरच्या मजल्यावर चढवणार, म्हणून गोदाम धक्क्याला नाहीतर रेल्वेला चिकटून आणि चार-सहा मजली. कंटेनर आला, फोर्कलिफ्ट आला, आणि एकदम हिशोब बदलला. फोर्कलिफ्टला जिने नको असतात, त्याला सपाट, लांबच्या लांब, एकमजली शेड पाहिजे आणि बाहेर ट्रक वळवायला जागा, ती शहराच्या मध्यात कुठून मिळणार, मग सगळं हायवेला गेलं. सेंट कॅथरिन डॉक १९६८ ला बंदच झालं. मागे राहिल्या त्या जाडजूड भिंतींच्या, दणकट, खोल इमारती.

दणकट हा त्यांचा मोठा गुण. घर डिझाईन करताना जमिनीवर दर चौरस मीटरला साधारण दोनशे किलो भार धरतात, गोदामाला पाचशेपासून हजार, काही ठिकाणी त्याच्याही वर. जुन्या गोदामांत खांबाला नाहीतर भिंतीला एक पाटी असायची, या मजल्यावर इतक्यापेक्षा जास्त वजन ठेवू नये, मी अशी पाटी एका ठिकाणी बघितलीय, रंगाचे पाच थर चढलेत पण आकडा अजून वाचता येतो. तेव्हा तुमचा सोफा, फ्रीज, पुस्तकांची कपाटं आणि वाढदिवसाला आलेले चाळीस पाहुणे, याचं त्या इमारतीला काही म्हणजे काहीच वाटणार नाही. म्हणूनच ‘जुनी झालीय, पडेल’ हे कारण सांगून कोणी पाडायला निघालं की मला आधी शंका येते. (भूकंपाचा प्रदेश असेल तर गोष्ट वेगळी, वरून येणारं वजन घेणारी विटांची भिंत आडवा हादरा घेईलच असं नाही, तिथे खर्च करावाच लागतो.)

खोल हा मात्र शाप. आणि यावर मला जरा सविस्तर बोलायचंय कारण जाहिरातीत हे कधीच येत नाही.

खिडकीतून येणारा उजेड खोलीत किती आत जातो याचा एक ढोबळ हिशोब आहे, खिडकीचा वरचा काठ जमिनीपासून जितका उंच त्याच्या दोन ते अडीच पट. म्हणजे तीन मीटरवर काठ असेल तर सहा-सात मीटर, त्यानंतर दुपारी पण लाईट लावा. नेहमीच्या फ्लॅटला हे पुरतं. पण गोदाम तीस-चाळीस मीटर खोल असतं, आणि खिडक्या कमी आणि बारक्या, कारण मालाला ऊन नको होतं आणि चोराला वाट नको होती. मग दोन्ही बाजूंनी सात-सात मीटर उजेडाचे सोडले तर मधला निम्म्याहून जास्त भाग म्हणजे काळोख. आता बिल्डरने या काळोखाचं काय करायचं? प्रामाणिक असेल तर तिथे जिने, लिफ्ट, सायकली ठेवायची जागा, स्टोअर रूम असं काढतो. नाहीतर सरळ लांबलचक आगगाडीच्या डब्यासारखे फ्लॅट पाडतो, एका टोकाला खिडकी आणि दुसऱ्या टोकाला बेडरूम.

असा एक फ्लॅट मी बघितलाय. दाखवणाऱ्या माणसाने आम्ही पोचायच्या आधीच सगळे दिवे लावून ठेवले होते, दुपारी साडेबारा वाजता. हॉल खरंच सुंदर, ओतीव लोखंडाचे दोन खांब, उघड्या विटा, उंच कमानीची खिडकी. त्याच्या मागे किचन, किचनच्या मागे बाथरूम आणि त्याच्याही मागे बेडरूम, जिच्या भिंतीचा वरचा दीड फूट काचेचा होता. ही काच कशाला, म्हटलं. तर म्हणे ‘बॉरोड लाईट’. उसना उजेड! हॉलने खिडकीकडून घ्यायचा आणि बेडरूमने हॉलकडून घ्यायचा, मध्ये बाथरूमचं छत. मी दिवे बंद करून बघू का विचारलं तर माणूस हसला आणि विषय बदलला.

याला उपाय नाही असं नाही, उपाय महाग आहे एवढंच. लिव्हरपूलला स्टॅन्ली डॉकचं तंबाखूचं गोदाम आहे, १९०१ चं, १४ मजले, २ कोटी ७० लाख विटा, आणि मजल्याची उंची जेमतेम सात फूट कारण तंबाखूच्या पिंपांना त्याहून जास्त लागत नव्हती. वर्षानुवर्षं पडून होतं, कारण सात फुटाच्या छताखाली इतक्या खोल इमारतीत राहणार कोण. शेवटी घरं करायची तर मधला भाग पोखरून वरपर्यंत मोकळा चौक काढला, तेव्हा कुठे आतल्या बाजूला उजेड आला. म्हणजे विकता येण्यासारखी जागा स्वतःहून टाकून द्यावी लागली. कोपनहेगनला तर दोन जुन्या सायलोंच्या, म्हणजे माल साठवायच्या उंच गोल मनोऱ्यांच्या बाबतीत २००५ मध्ये भलतंच केलं, काँक्रीटच्या गोल भिंतींना मोठी भोकं पाडली तर ताकदच जाणार, म्हणून फ्लॅट आत न करता बाहेरून चिकटवले आणि आतली पोकळी जिन्यांना आणि लॉबीला ठेवली. दोन्हीकडे इमारत जशी आहे तशी समजून घेतली, तिच्यात जबरदस्तीने डबे कोंबले नाहीत.

बाकीच्या भानगडी पटकन सांगतो. गोदामात संडास एक नाहीतर दोन, गेटजवळ, आता साठ फ्लॅट म्हणजे साठ किचन आणि साठ बाथरूम, सांडपाण्याच्या पाईपला उतार लागतो, उतार दिला की छत खाली येतं. लाकडी फळ्यांच्या मजल्यावरून आवाज जसाच्या तसा खाली, वरच्याने चमचा पाडला तर तुम्हाला कळणार, पोती कधी तक्रार करत नव्हती. दीड-दोन फुटी विटांच्या भिंतीला आतून इन्सुलेशन मारलं की थंड हवेत भिंत गारच राहते आणि आतल्या दमट हवेचं पाणी इन्सुलेशनच्या मागे जमतं, दोन हिवाळ्यांत बुरशी. चुन्यातल्या जुन्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर फासणारा कॉन्ट्रॅक्टर भेटला तर ओल कायमची मुक्कामाला. यातलं काहीच अशक्य नाही, सगळ्याची उत्तरं माहीत आहेत, पण ती करून घ्यायची तर कोणीतरी मागे लागणारं पाहिजे.

आग मात्र भानगडीत मोडत नाही, ती वेगळीच गोष्ट.

गोदामाच्या मालकाला आगीची भीती मालासाठी होती. म्हणून जाड भिंती, लोखंडी दारं, एका भागातली आग दुसऱ्या भागात जाऊ नये एवढाच विचार. माणसांनी बाहेर कसं पडायचं हा विचार जवळपास नाहीच, पोत्यांना पळायचं नसतं. गंमत म्हणजे जाडजूड लाकडी तुळया आगीत बऱ्याच टिकतात, वरचा थर कोळसा होतो आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला झाकतो, मिनिटाला पाऊण मिलिमीटरपेक्षाही हळू जळत जातं. उघडं पोलाद मात्र साडेपाचशे-सहाशे डिग्रीला निम्मी ताकद सोडतं, आणि ओतीव लोखंडाचा तापलेला खांब, तोच तो जाहिरातीतला सुंदर खांब, त्यावर गार पाण्याचा फवारा पडला तर तडकू शकतो. म्हणजे डोळ्याला जे मजबूत वाटतं ते आगीत मजबूत असेलच असं नाही, त्यामुळे दुसरा जिना, स्प्रिंक्लर म्हणजे आग लागली की छतातून आपोआप पाणी फवारणारे नळ, खांबांना आगरोधक लेप यात सूट मागणाऱ्याला सरळ दार दाखवलं पाहिजे.

२ डिसेंबर २०१६ ला अमेरिकेतल्या ओकलंडमध्ये घोस्ट शिप नावाने ओळखल्या जाणाऱ्या गोदामाला आग लागली आणि ३६ जण गेले. इमारतीला परवानगी गोदामाची, आत कलाकार राहात होते, त्या रात्री वरच्या मजल्यावर गाण्याचा कार्यक्रम होता, स्प्रिंक्लर नाहीत, एक जिना तर लाकडी पॅलेट रचून केलेला. यावर ‘बघा, म्हणून गोदामात राहायला देऊ नये’ असं म्हणणारे खूप निघाले. मला यातून बरोबर उलटं दिसतं. ती माणसं तिथे परवानगी नव्हती तरी राहात होतीच ना? बाहेरची भाडी परवडत नव्हती म्हणून राहात होती. कायदेशीर वाट नसली की लोक राहायचे थांबत नाहीत, ते लपून राहतात, आणि लपून राहणारा माणूस वायरिंगमध्ये ठिणग्या उडतायत म्हणून तक्रार करायला कुठे जाणार? तक्रार केली की पहिला तोच रस्त्यावर.

न्यूयॉर्कच्या सोहोत हेच सगळं आधी होऊन गेलंय. १९६० च्या दशकात तिथल्या ओतीव लोखंडाच्या इमारतींतले कारखाने-गोदामं रिकामी होत होती, फायर ब्रिगेडवाले त्या भागाला ‘हेल्स हंड्रेड एकर्स’, नरकाचे शंभर एकर म्हणायचे, आणि कलाकार गुपचूप राहायला लागले होते. पालिकेने काय केलं, तर आधी एक तडजोड काढली, दारावर छोटी पाटी लावा, ए.आय.आर. म्हणजे आर्टिस्ट इन रेसिडेन्स आणि कितव्या मजल्यावर ते, म्हणजे आग लागली तर जवानांना कळेल की वर माणूस झोपलाय. किती साधी गोष्ट! कायदा अजून झालेला नाही, पण जीव तरी वाचेल. मग १९७१ मध्ये कलाकारांना तिथे राहायला रीतसर परवानगी दिली आणि १९८२ मध्ये लॉफ्ट लॉ आला (लॉफ्ट म्हणजे कारखान्या-गोदामातला असा मोकळा मजला), त्यात घरमालकाला सांगितलं की इमारत राहण्यालायक आणि आगीपासून सुरक्षित कर, आणि असं करताना जो भाडेकरू आधीपासून राहतोय त्याला हाकलायचं नाही. दोन्ही एकाच कायद्यात. मला हे दोन्ही एकत्र असणंच सगळ्यात शहाणपणाचं वाटतं, कारण नुसतं ‘सुरक्षित करा’ म्हटलं की मालकासाठी सगळ्यात स्वस्त सुरक्षा म्हणजे माणसं बाहेर काढणं.

आता सूट कशात द्यायची. लॉस एंजेलिसने १९९९ मध्ये डाऊनटाऊनसाठी एक नियमावली केली, जुन्या इमारतींची घरं करायची असतील तर नवीन पार्किंग काढायची सक्ती नाही, किती घरं बसवायची याची घनतेची मर्यादा नाही, फाईल टेबलाटेबलावर फिरवायची गरज कमी. भूकंप आणि आग यांचे नियम मात्र त्या इमारतींना जमतील असे वेगळे लिहिले, काढून टाकले नाहीत, आणि फ्लॅट किती लहान असू शकतो याचीही खालची हद्द ठेवली. पुढच्या काळात तिथे जुन्या बँका, ऑफिसं आणि गोदामं मिळून हजारो घरं झाली. पार्किंगचं बघा, शंभर वर्षं जुन्या इमारतीखाली तळघर खणून गाड्या ठेवा म्हणणं म्हणजे प्रोजेक्ट करूच नका म्हणण्यासारखं आहे, ती अट गेली म्हणून कोणाचं काही बिघडलं नाही.

इंग्लंडने दुसऱ्या टोकाला उडी मारली. २०१३ पासून ऑफिसांची आणि २०१५ पासून ५०० चौरस मीटरपर्यंतच्या गोदामांची घरं करायला नेहमीची प्लॅनिंग परवानगीच लागेनाशी झाली, काही मोजक्या गोष्टी तपासायच्या आणि सोडून द्यायचं. उजेड त्या मोजक्या गोष्टींत नव्हता, फ्लॅटचा आकार पण नव्हता. मग २०२० मध्ये सरकारनेच करून घेतलेला अभ्यास बाहेर आला, अशा परवानगीशिवायच्या रूपांतरातली फक्त २२.१ टक्के घरं राष्ट्रीय क्षेत्रफळाच्या मापात बसत होती, तर रीतसर परवानगी घेतलेल्यांमध्ये ७३.४ टक्के. पाहणीतल्या दहा घरांना तर एकही खिडकी नव्हती. एकही! जेलमधल्या कोठडीला सुद्धा झरोका असतो हो. त्यानंतर २०२० मध्ये पुरेशा नैसर्गिक उजेडाची आणि २०२१ पासून किमान आकाराची अट घातली, म्हणजे सगळ्यात लहान स्टुडिओ सुद्धा ३७ चौरस मीटरचा. पण मधल्या सात-आठ वर्षांत जी खुराडी झाली ती झालीच, त्यात आजही कोणीतरी राहतंय.

तर माझा मुद्दा एवढाच आहे की कागदाला लागणाऱ्या नियमांत हवी तेवढी ढील द्या, पार्किंग, घनता, इमारतीभोवती सोडायचं सामासिक अंतर, झोनिंगमधला म्हणजे जागेच्या वापराच्या नकाशातला ‘औद्योगिक’ शिक्का, हे सगळं सोडा. अंगाला लागणाऱ्या नियमांना, म्हणजे उजेड, हवा, आकार, आग, हात लावू नका. यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो अगदी फालतू नाहीये, की इतक्या अटी घातल्या तर प्रोजेक्ट परवडणार नाही आणि मग शून्य घरं होतील, अर्धवट का होईना घर तर मिळतंय ना लोकांना. मान्य, काही गोदामं खरंच परवडणार नाहीत. पण मग ती घरं व्हायलाच पाहिजेत असं कुठे लिहिलंय? स्टुडिओ करा, मार्केट करा, शाळा करा, वरच्या उजेडाच्या मजल्यांवर घरं आणि खालच्या अंधारात गोदामच ठेवा, काय हरकत आहे. श्पायखरश्टाटमध्ये आजही बहुतांश घरं नाहीत, कारण ती मुख्य पूरबांधाच्या बाहेर आहे, तिथे म्युझियम, ऑफिसं, गालिच्यांचे व्यापारी आहेत आणि २०१५ मध्ये युनेस्कोच्या यादीतही गेली. प्रत्येक रिकाम्या इमारतीकडे घर म्हणून बघायची सवय पण एक प्रकारचा आंधळेपणाच आहे. ॲस्बेस्टॉसची १९७० ची पत्र्याची शेड असेल तर तिच्यासाठी रडू पण नका, नीट काळजी घेऊन उतरवा आणि तिथे नवीन बांधा. विटांच्या दणकट सांगाड्यासाठी मात्र मी भांडेन, जगातल्या कार्बन उत्सर्जनातला सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे, आणि जो सांगाडा उभाच आहे तो पाडून तसाच परत ओतायचा हा शुद्ध मूर्खपणा आहे.

आणि पैशाचं. जुन्या वास्तूंच्या कामाला सरकारं मदत करतात, अमेरिकेत नोंदलेल्या ऐतिहासिक इमारतीच्या दुरुस्तीवर खर्चाच्या २० टक्के इतकी केंद्रीय करसवलत मिळते, फक्त इमारत उत्पन्न देणारी पाहिजे. मला यात काही गैर वाटत नाही, बाहेरची भिंत सगळ्या शहराची असते. पण लोकांचा पैसा लागला तर लोकांना काय मिळालं हे विचारायचं की नाही? नुसता रस्त्यावरून फोटो काढायला देखावा? सोहोत ज्या कलाकारांसाठी कायदा वाकवला त्यांच्यासारख्यांना आज तिथे भाड्याने खोली परवडणार नाही. सवलतीच्या बदल्यात काही घरं कमी भाड्याची, आणि ती पण उजेडाच्या बाजूची, मागच्या अंधारी पट्ट्यातली नाही, असं लिहून घेतलं पाहिजे. हे शेवटचं मुद्दाम सांगतोय कारण लिहून घेतलं नाही तर कोणती घरं ‘परवडणारी’ निघतील ते सांगायला ज्योतिषी नको.

अजून एक, गोदाम रिकामं आहे असं कागदावर असतं तेव्हा आत जाऊन बघा. बरेचदा खाली सुतार असतो, प्रिंटिंग प्रेस असते, बँडवाल्यांची प्रॅक्टिस रूम असते, रात्री दोनला माल उतरवणारा कोणीतरी असतो. वर लाखमोलाचे फ्लॅट झाले की सहा महिन्यांत पहिली तक्रार आवाजाची, आणि वर्षाभरात तो सुतार गायब. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याने २०१४ मध्ये संगीताच्या जागांसाठी नियम केला की जो नंतर आला त्याने आवाजाचा बंदोबस्त करायचा, दुहेरी काच लावा, भिंत जाड करा, खर्च तुमचा. इंग्लंडच्या राष्ट्रीय धोरणात पण २०१८ ला हे आलं. शेजारी कोण आहे हे बघूनच आलात ना तुम्ही राहायला, मग आता त्याला कशाला हाकलता.

यातलं निदान एक तरी उद्या करता येईल असं आहे आणि त्याला पैसा पण लागत नाही. प्रत्येक प्लॅनवर आणि प्रत्येक जाहिरातीत, बेडरूमच्या मध्यापासून बाहेर उघडणाऱ्या सगळ्यात जवळच्या खिडकीपर्यंत किती अंतर, हा एक आकडा छापायची सक्ती करा. मी बघितलेल्या त्या फ्लॅटच्या माहितीपत्रकात लोखंडी खांबांचा व्यास दिला होता, विटा कुठल्या सालच्या ते दिलं होतं, कमानीची उंची दिली होती. खिडकीपासूनचं अंतर निघताना मी माझ्या पावलांनी मोजलं, सतरा पावलं झाली.